माळ्यावर खोली निघेल का?

या महिन्याच्या टपालात एकच विषय फिरून फिरून आला. घर तेवढेच आहे, माणसे वाढली, मुले मोठी झाली, आणि डोक्यावर एक माळा आहे ज्यात जुन्या ट्रंका, फुटकी पिंपे आणि मागच्या दिवाळीचा आकाशकंदील सोडून काही नाही. तिथे खोली का काढू नये? ठाणे आणि नवी मुंबईच्या पत्रांतून निवडलेले प्रश्न खाली घेतले आहेत. पहिल्या दोघांनी पत्रात मापे दिली होती, म्हणून त्यांची उत्तरे लांबली. ज्यांनी नुसते ‘आमचा माळा बराच उंच आहे’ एवढेच लिहिले त्यांना विनंती की टेप लावून पुन्हा लिहा.

प्रश्न : चरई, ठाणे. आमचे वडिलोपार्जित घर कौलारू आहे, भिंती विटांच्या, रुंदी २० फूट. खालच्या खोल्यांवर सागवानी सर (फळ्या तोलणारी आडवी लाकडे) टाकून फळ्या मारल्या आहेत. सर तीन बाय चार इंची, दोन-दोन फुटांवर, भिंत ते भिंत १२ फूट. फळ्यांपासून भिंत दीड फूट वर जाते, तिच्यावर कैच्या (छपराच्या त्रिकोणी लाकडी चौकटी) बसल्या आहेत. आढ्याखाली, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच रेषेखाली, मी आरामात ताठ उभा राहतो. कैचीची आडवी तुळई मात्र दर वेळी ओलांडावी लागते. सुतार म्हणतो ती काढून टाकू, मग मोकळी खोली मिळेल. मुलाच्या अभ्यासाला आणि झोपायला जागा होईल का?

उत्तर : आधी सुताराला थांबवा, बाकीचे मग बोलू.

घडीची शिडी उभी केली की तिच्या दोन पायांना बांधलेली दोरी ताणली जाते. ती कापली की पाय फाकतात आणि शिडी माणसासकट खाली बसते. तुमच्या कैचीत ती दोरी म्हणजेच ही आडवी तुळई. कौलांचे वजन रिपा-वाशांसकट चौरस मीटरला ६०-६५ किलोच्या आसपास असते, पावसात कौले पाणी पितात तेव्हा त्याहून जास्त. हे सगळे वजन वाशांच्या पायथ्याशी भिंतींना बाहेर ढकलत असते आणि तुळई त्या दोन्ही बाजूंना आत ओढून धरते. ती काढल्यावर छप्पर त्याच दिवशी पडत नाही, आणि धोका तिथेच आहे. पहिल्या पावसाळ्यात आढ्यावरची कौले जरा उघडतात, दुसऱ्यात भिंतीच्या माथ्याखाली आडवी भेग दिसते, मग ‘भिंत ओलीमुळे फुगली’ असे म्हणून कोणीतरी गिलावा करून जातो.

तुळई आहे तरी भिंती सरकल्यात का, ते आताच पाहून घ्या. भिंतीच्या माथ्यापासून ओळंबा सोडा आणि वर व खाली दोरी-भिंतीतले अंतर मोजा. तीन मीटर उंचीत २०-२५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर माळ्याचा विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आता उंची. ‘ताठ उभा राहतो’ हे मोजमाप नव्हे, कारण माणूस नेहमी आढ्याखालीच उभा राहून बघतो. मंगळुरी कौलांचा उतार साधारण ३० अंशांचा धरला तर भिंतीपासून फूटभर आत गेल्यावर छप्पर सुमारे सात इंच वर चढते. तुमच्या घरात भिंतीपासून आढे १० फूट आत, म्हणजे ते भिंतीच्या माथ्यापेक्षा सुमारे ५ फूट ९ इंच वर. त्यात दीड फुटाची भिंत मिळवली की फळ्यांपासून आढ्यापर्यंत ७ फूट ३ इंच. पण सहा फूट उंची हवी असेल तर ती दोन्ही भिंतींपासून पावणेआठ फूट आत आल्यावरच मिळते. २० फुटांपैकी चालण्याजोगा पट्टा साडेचार फुटांचा उरला! त्यात पंखा टांगायचा, तर तो पट्टाही गेला.

राहण्याच्या खोलीला नियमाने २.७५ मीटर म्हणजे सुमारे ९ फूट उंची लागते. उतरत्या छपराखाली ती सरासरीने धरतात. तुमची सरासरी येते ४ फूट ४-५ इंच. सरासरी ९ फुटांवर न्यायची तर दीड फुटाची कडेची भिंत सहा फुटांच्या वर चढवावी लागेल, म्हणजे छप्पर उतरवून साडेचार फूट नवे बांधकाम. त्याला नवा मजलाच म्हणतात, आणि त्यासाठी पाया, भिंतीची जाडी, चुन्यातले की मातीतले बांधकाम, महापालिकेची परवानगी, सगळे पहिल्यापासून आले.

तिसरी गोष्ट पायाखालची. ‘एवढ्या ट्रंका आहेत, काही झाले नाही’ असे पुष्कळ जण लिहितात. ट्रंका भिंतीकडेने असतात, आणि त्या चालत नाहीत. राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २०० किलो भार धरायला सांगितला आहे. त्यात फळ्यांचे वजन मिळवून तुमच्या तीन बाय चार इंची सरांवर हिशेब मांडला, तर पूर्ण भाराखाली मधोमध झोक (खाली वाकणे) दोन इंचांहून जास्त येतो आणि लाकडातला ताण चांगल्या सागाला परवडणाऱ्या ताणाच्या दीडपटीच्या आसपास जातो. तेच सर तीन बाय सहाचे, सहा इंचांची बाजू उभी, दीड-दीड फुटांवर असते तर झोक अर्ध्या इंचावर आला असता. सराची उंची दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो आणि रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून ‘शेजारी अजून एक सर लावून देतो’ हा उपाय दिसतो तेवढा कामाचा नाही.

लाकडाची तब्येत मधोमध पाहू नका. सर सडतो तो भिंतीत पुरलेल्या टोकांशी, विशेषतः पागोळ्या पडतात त्या बाजूला. जाड स्क्रूड्रायव्हर टोकाजवळ जोर देऊन खुपसा. निरोगी सागात तो दोन-तीन मिलिमीटरपलीकडे जात नाही. बोटभर आत गेला, किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर आत वाळवीने पोखरले आहे असे समजा. ओलावा मोजायचे यंत्र कोणा सुताराकडे असेल तर उत्तमच. १५ टक्क्यांच्या आत लाकूड सुखी, २० च्या वर बुरशीला आमंत्रण. आणि दोन भिंतींच्या मध्ये सराखालून सुतळी ताणून बघा. माल उतरवल्यावरही सर सुतळीला मधोमध दाबत असेल, तर तो कायमचा वाकलेला आहे.

थोडक्यात, मुलाची खोली इथे नाही. माळा सामानालाच ठेवा, जड वस्तू मधोमध न ठेवता भिंतीकडेने ठेवा, आणि मे महिन्यात घर शाकारताना तुळईचे दोन्ही सांधे व त्यांच्या लोखंडी पट्ट्या गंजल्यात का तेवढे पाहून घ्या.

प्रश्न : नेरूळ, नवी मुंबई. सिडकोच्या प्लॉटवरचे आमचे रो-हाउस तीसेक वर्षांचे आहे. वर उतरता आरसीसी स्लॅब, त्याखाली सपाट स्लॅब, मध्ये पोकळी. ती १२ बाय १६ फूट आहे, कडेला ७ फूट २ इंच आणि मधोमध ११ फूट ८ इंच उंच. जिन्याच्या वरच्या झडपेतून आत जाता येते. कंत्राटदार म्हणतो, स्लॅब आहे म्हणजे कितीही भार घेईल, आणि बाहेरून काही बदलत नाही म्हणून परवानगी लागत नाही.

उत्तर : उंचीच्या परीक्षेत तुमचा माळा चांगल्या गुणांनी पास आहे. सरासरी ९ फूट ५ इंच. कडेला किती उंची हवी याचीही अट असते आणि तुमचे ७ फूट २ इंच काठावर आहेत, तेव्हा ते आर्किटेक्टला कागदावर मांडू द्या.

पण इतकी उंच ‘पोकळी’ पाहून आम्ही जरा सावध झालो. सामानाचा माळा नियमांत १.५ मीटरपर्यंतच धरतात. तुमच्या मंजूर नकाशात तिथे काय लिहिले आहे? माळा लिहून तिथे साडेअकरा फूट बांधले असेल, तर खोली करण्याआधीच बांधकाम नकाशाला सोडून आहे. म्हणून पहिला खर्च नकाशाच्या प्रमाणित प्रतीचा. दुसरे, माळ्याची खोली झाली की ती चटईक्षेत्रात (प्लॉटवर बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्रफळात) मोजली जाते, बाहेरून दिसो वा न दिसो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज करून प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी) घ्यायचे, आणि जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असल्यामुळे करारातल्या अटी व सिडकोची संमती वेगळी पाहायची. चटईक्षेत्र शिल्लक नसेल तर विषय इथेच संपतो, आणि तो हातोडा मारण्याआधी संपलेला बरा.

आता ‘स्लॅब आहे म्हणजे कितीही’. वर जाता-येता येत नाही असे छप्पर चौरस मीटरला ७५ किलो भारासाठीही डिझाइन करतात, राहती खोली २०० किलोंसाठी. तुमचा सपाट स्लॅब कशासाठी केला, ते मूळ स्ट्रक्चरल नकाशातच कळेल. नकाशा नसला तर मोजून काढायचे. झडपेच्या कडेला स्लॅबची जाडी उघडी दिसते, तिथे टेप लावा. गिलावा वगळून १०० मिलिमीटर असेल तर जपून. सळ्या कुठे, किती अंतरावर, केवढ्या, हे सळई शोधणाऱ्या स्कॅनरने इंजिनिअर अर्ध्या दिवसात सांगतो.

खाडीजवळच्या तीस वर्षांच्या काँक्रीटमध्ये सळ्यांची तब्येत हाच खरा प्रश्न. एक साधी चाचणी समोर उभे राहून करून घ्या. स्लॅबच्या खालून छोटा कोपरा छिन्नीने ताजा फोडायचा, धूळ झटकायची आणि त्यावर फेनॉल्फ्थेलिनचे द्रावण फवारायचे. काँक्रीट अजून अल्कधर्मी असेल तिथे भडक गुलाबी रंग येतो, कार्बोनेशन झाले असेल, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती अल्कता गेली असेल, तिथे रंग येतच नाही. रंगहीन पट्टा सळईच्या आच्छादनापेक्षा, म्हणजे साधारण २० मिलिमीटरपेक्षा, खोल गेला असेल तर सळ्यांचे संरक्षण संपले. मग ओलावा मिळाला की गंज, गंज फुगला की गिलाव्याचे पापुद्रे. खाडीच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड या चाचणीत दिसत नाहीत, त्यांनी सळ्यांना गंज धरला असण्याची शक्यता किती ते विजेच्या हाफ-सेल चाचणीत कळते, तीही सोबत करून घ्या. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली आला तर आत पोकळ्या-भेगांची शंका.

एवढ्यावरही शंका उरली तर भार-चाचणी. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात तिची पद्धत दिली आहे. राहत्या भाराच्या सव्वापट, म्हणजे चौरस मीटरला २५० किलो, २४ तास ठेवायचे. तुमच्या खोलीला हे सुमारे साडेचार टन होतात, ५० किलोच्या नव्वद वाळूच्या गोण्या. टाइल्स बसवणार असाल तर त्यांच्या मसाल्यासकट आणखी शंभरेक किलो चौरस मीटरला धरा. खाली स्लॅबपासून दोन इंच मोकळे सोडून जॅक उभे करायचे आणि मधोमध झोक मोजणारे डायल गेज लावायचे. ३.६ मीटर गाळा (दोन आधारांमधले अंतर) आणि १०० मिलिमीटर जाडी असेल तर झोक ५.२ मिलिमीटरच्या आत राहिला की स्लॅब पास. जास्त आला तर भार काढल्यावर २४ तासांत त्यातला निदान तीन चतुर्थांश परत वर आला पाहिजे. ही चाचणी कंत्राटदाराने ‘चार माणसे नाचवून’ करायची नाही. इंजिनिअर हजर हवा आणि खालची खोली रिकामी.

स्लॅब पास झाला तरी त्यावर विटांची भिंत चढवू नका. साडेचार इंची विटांची ९ फूट उंच भिंत गिलाव्यासकट मीटरला सुमारे ७०० किलो भरते. तीच जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याच्या) चौकटीवर दोन्ही बाजूंनी ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड मारून केली तर ८० किलोंच्या आसपास. फरशीऐवजी व्हिनाइल, आणि पुस्तकांचे लोखंडी कपाट स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या बीमच्या रेषेवर.

खिडकीसाठी त्रिकोणी भिंत फोडावी लागेल. ती बहुधा साडेचार इंचीच असते. वर आरसीसी लिंटेल दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर टेकवून मगच खालचे फोडा. आढ्याची आणि कोनाची बीम मात्र कोणत्याही कारणाने फोडायची नाही, एसीचा पाइप न्यायलासुद्धा नाही. खिडक्या किती? दमट-उष्ण हवामानासाठी राष्ट्रीय इमारत संहिता जमिनीच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या सांगते. १९२ चौरस फुटांना ३२ चौरस फूट, म्हणजे चार बाय चारच्या दोन, समोरासमोर असल्या तर फारच छान.

प्रश्न : वर्तकनगर, ठाणे. आमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गळतीसाठी सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातली. आमच्या डोक्यावरचा भाग बंद करून आतून जिना काढावा का?

उत्तर : नको. गच्ची सोसायटीची, शेड गळतीपुरती, आणि ती चारही बाजूंनी उघडी असेल तोवरच शेड. भिंत किंवा शटर लागले की ते विनापरवाना बांधकाम होते आणि वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येते, तीही सोसायटीच्या नावाने. शिवाय जिन्यासाठी फ्लॅटचा छताचा स्लॅब कापणे म्हणजे पूर्ण इमारतीच्या सामायिक छताला भोक पाडणे. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर महापालिकेला संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ऑडिट करणारा इंजिनिअर हे भोक पहिल्याच फेरीत लिहून घेईल. शेजारच्या इमारतीत कोणीतरी केले आहे, हे आम्हालाही माहीत आहे. तो पुरावा तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न : घणसोली गाव. आमच्या घराला वर जीआय पत्र्याखाली परवानगीने बांधलेली खोली आहे. उंची पुरेशी आहे, पण मे महिन्यात दुपारी तिथे बसवत नाही. इंटरनेटवर पाहून पत्र्याला आतून चांदीचा कागद चिकटवला, त्याखाली ग्लासवूल आणि जिप्समचे छत केले. उकाडा थोडाच कमी झाला, आणि पावसाळ्यात एसी लावला की छतावर काळे डाग आणि कुबट वास. चूक कुठे झाली?

उत्तर : दोन चुका आहेत, आणि दोन्ही चुका अशा व्हिडिओंतून येतात जे आपल्या हवेसाठी बनवलेले नाहीत.

चांदीचा कागद उष्णता अडवतो तो फक्त हवेच्या पोकळीसमोर असला तरच. पत्र्याला चिकटवला की तो पत्र्याचाच एक थर होतो आणि तापलेल्या पत्र्याइतकाच तापतो. पत्रा आणि कागद यांच्यात २५ मिलिमीटरची रिकामी जागा हवी, चकचकीत बाजू त्या रिकाम्या जागेकडे. ही जागा कोंडलेली नको. खाली पागोळीच्या बाजूने जाळी लावून हवा आत येऊ द्या, वर आढ्यावर व्हेंट ठेवा, गरम हवा आपोआप वर निघून जाते. पत्रा बदलायची वेळ आलीच असेल तर ५० मिलिमीटरचे पफ सँडविच पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) घाला, ही सगळी कसरत वाचते. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग हा सर्वांत स्वस्त उपाय, पण धूळ बसली की त्याचा गुण जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी धुवावा लागतो.

दुसरी चूक दवाची. जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर बाहेरची हवा घाम सोडते, जसा थंड पाण्याच्या तांब्याला सुटतो. तुम्ही एसी २२ वर लावला, जिप्समचा बोर्ड थंड झाला, आणि पत्र्याच्या फटींतून ग्लासवूलमध्ये शिरलेल्या दमट हवेने बोर्डाच्या पाठीवर पाणी सोडले. खालून दिसतात ते काळे डाग म्हणजे बोर्डाच्या कागदावरची बुरशी. थंड देशांत ओल आतून बाहेर जाते, म्हणून तिथे वाफ अडवणारा थर आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे एसीच्या खोलीत ती बाहेरून आत येते, म्हणून तो थर वूलच्या वरच्या, म्हणजे पत्र्याच्या बाजूला हवा आणि सांधे टेपने बंद हवेत.

दुरुस्ती अशी : डाग पडलेले बोर्ड काढून फेका, ओले वूल वाळवून परत वापरू नका, ते बसते आणि निकामी होते. ५० मिलिमीटरचे रॉकवूल, त्याच्या वर सांधे बंद केलेला फॉइल, वर पोकळी, खाली ओलावा सोसणारा बोर्ड. छतात एक दोन बाय दोनची काढता येणारी फळी ठेवा. पत्रा गळायला लागला की पाणी बोर्डावर कुठेतरी भलतीकडेच दिसते, मूळ ठिकाण वर डोकावल्याशिवाय सापडत नाही. छतात खाच करून बसवलेले दिवे वूलमध्ये पुरू नका, चोक तापून आग लागते. आणि एसी २६ वर, पंखा सोबत.

आरसीसीच्या छपराखाली राहणाऱ्यांना जाता जाता सांगतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत आत उष्णता सोडत बसतो. खालून थर्माकोलचे छत केले तरी वरचा स्लॅब तापायचा तसा तापतोच, काँक्रीट मात्र दररोज फुगते-आकसते आणि वॉटरप्रूफिंग तडकते. इन्सुलेशन स्लॅबच्या वरून करावे.

प्रश्न : ऐरोली. माळ्यावर जायला लोखंडी गोल जिना करावा की सरळ? जागा कमी आहे.

उत्तर : गोल जिना दीड मीटर व्यासाच्या जागेत बसतो आणि फोटोत छान दिसतो. त्यावरून पलंग, कपाट, वॉशिंग मशीन वर जात नाही, आणि आजारी माणूस खाली येत नाही. माळा झोपायला वापरणार असाल तर आम्ही सरळ किंवा मध्ये वळण असलेला जिनाच सुचवू.

हिशेब असा : खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत तीन मीटर. पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या आत ठेवायची, तर १६ उठाव (पायऱ्यांच्या उभ्या बाजू), प्रत्येकी १८७.५ मिलिमीटर. पाऊल ठेवायची रुंदी २५० मिलिमीटर, अशा १५ पायऱ्या, म्हणजे जिन्याची लांबी पावणेचार मीटर. रुंदी किमान पाऊण मीटर, पण ९०० मिलिमीटर करा. खालच्या खोलीतली ३६ चौरस फूट जागा गेली, आणि वरच्या जमिनीत जवळपास तीन मीटर लांबीचे तोंड कापावे लागले, नाहीतर पाचव्या-सहाव्या पायरीला डोके आपटते. लोक हे तोंड कमी ठेवतात आणि मग जिना उभा करतात. उठाव सगळे सारखे हवेत. शेवटचा उठाव टाइलमुळे २५ मिलिमीटरने कमी-जास्त झाला तरी पाय अडखळतो, म्हणून टाइलची जाडी आधी धरून मगच माप काढा.

प्रश्न : कोपरी, ठाणे. माळ्याच्या खोलीला जोडून शौचालय करता येईल का? लाकडी जमीन आहे.

उत्तर : लाकडी जमिनीवर नको, अजिबात नको. गळती दिसेपर्यंत सर सडलेला असतो.

आरसीसी असेल तर खालच्या शौचालयाच्या बरोबर वर करा, म्हणजे ११० मिलिमीटरचा उभा पाइप तोच वापरता येतो. आडव्या पाइपला ४० ला १ उतार लागतो. दोन मीटर लांब गेलात की ५० मिलिमीटर खाली जावे लागते, आणि तेवढी जागा जमिनीत नसते. मग लोक फूटभर खळगा करून वीट-तुकड्यांनी भरतात, त्याचेच वजन चौरस मीटरला ४५० किलोंच्या वर जाते. भरायचेच असेल तर हलके एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या काँक्रीटचे) ब्लॉक भरा.

पाण्याचा दाब विसरू नका. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा जितके मीटर वर, तितके दशांश किलो दाब चौरस सेंटिमीटरला. माळा टाकीच्या इतका जवळ आला की शॉवर गळल्यासारखा वाहतो आणि इन्स्टंट गिझर सुरूच होत नाही. छोटा प्रेशर पंप लावा, किंवा टाकी उंच स्टँडवर घ्या. पण ५०० लिटरची भरलेली टाकी अर्धा टन असते, तिचा स्टँड खालच्या कॉलमवर उभा राहिला पाहिजे, स्लॅबच्या मधोमध नाही.